फी आमची, मार्क तिचे: हे अमेरिकन स्वातंत्र्य नक्की आहे तरी काय?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली, घरापासून तीन तासांवर. ऑक्टोबरमध्ये तापाने फणफणली, इमर्जन्सीत न्यावं लागलं, आणि हे आम्हाला कळलं तिच्या रूममेटकडून. हॉस्पिटलला फोन लावला तर पेशंटच्या परवानगीशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. सेमिस्टर संपल्यावर मार्क विचारले तर कॉलेजचंही तेच. फी सगळी आम्ही भरतो. तिला बोललं की म्हणते, आई, मी आता ॲडल्ट आहे. अमेरिकेचं हे स्वातंत्र्याचं वेड नक्की काय आहे, आणि आपण ते किती मनावर घ्यायचं?’

ताई, न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात मी बावीस वर्षं गायडन्स काउन्सेलर आहे. मुलांचे विषय ठरवणं, कॉलेजचे अर्ज, आणि अधूनमधून घरातली भांडणं ऐकून घेणं हे माझं काम. देसी आईबाप आणि त्यांची सतरा वर्षांची मुलं माझ्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांकडे न बघता माझ्याशी बोलतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला पाठ आहे. तुमच्या मुलीने काही वावगं केलेलं नाही, हॉस्पिटलनेही नाही. तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही, ही चूक मात्र आम्हा शाळावाल्यांची.

आधी कामाचं सांगते. १९७४ साली इथे एक कायदा झाला, त्याला सगळे ‘फर्पा’ म्हणतात. मुलाचे शाळेतले कागद बघायचा हक्क आईवडिलांचा असतो, पण मूल अठरा वर्षांचं झालं, किंवा त्याआधीच कॉलेजात दाखल झालं, की तो हक्क उठून मुलाकडे जातो. फी कोण भरतं हे कायदा विचारत नाही. गंमत म्हणजे टॅक्स भरताना तुम्ही मुलीला ‘डिपेंडंट’ दाखवत असाल तर कॉलेज तुम्हाला मार्क सांगू शकतं. शकतं, सांगितलेच पाहिजेत असं नाही, आणि पुष्कळ कॉलेजं मुलाची लेखी संमती असल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. हॉस्पिटलचा कायदा वेगळा, १९९६ सालचा, ‘हिपा’. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर तिला विचारूनच पुढे बोलायचं. बेशुद्ध असेल तर डॉक्टर तारतम्याने जवळच्यांना सांगू शकतात, पण फोनवर ‘मी तिची आई बोलतेय’ एवढ्यावर सहसा कुणी बधत नाही.

तेव्हा तीन कागद करून ठेवा. कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे फर्पाचं संमतीपत्र, डॉक्टर-हॉस्पिटलसाठी हिपाचं संमतीपत्र, आणि हेल्थ केअर प्रॉक्सी, म्हणजे ती स्वतः बोलायच्या स्थितीत नसेल तर तिच्या वतीने कोण ठरवणार ते. साक्षीदार लागतात की नोटरी, हे त्या त्या राज्यावर आहे. कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर दोन्ही राज्यांचे फॉर्म भरलेले बरे. फोटो काढून फोनमध्ये ठेवा. दर जूनमध्ये मी पालकांना हे सांगते. निम्मे ‘आमच्या घरी असं काही नाही हो’ म्हणून हसतात, आणि ऑक्टोबरात फोन करतात.

या तिन्ही कागदांवर सही मात्र मुलीचीच लागते. अमेरिकन स्वातंत्र्य मला समजलं ते इथेच. आपल्याला वाटतं ती एक भावना आहे, बंडखोरी आहे, सिनेमातली मोटरसायकल आहे. रोजच्या व्यवहारात ती एक सही आहे. कुणाची सही कुठल्या कागदावर चालते, एवढाच प्रश्न.

आणि या सहीचं वय काही आकाशातून पडलेलं नाही. १९७१ पर्यंत बहुतेक राज्यांत मतदानाचं वय २१ होतं. व्हिएतनामच्या युद्धात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं सक्तीने भरती होऊन मरत होती. बंदूक धरायला चालतो तो मत द्यायला का चालत नाही, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून सव्विसावी घटनादुरुस्ती आली आणि मतदानाचं वय १८ झालं. पाठोपाठ बहुतेक राज्यांनी सज्ञान होण्याचं वयही खाली आणलं. मग १९८४ मध्ये केंद्राने राज्यांना दम दिला की दारूचं वय २१ करा, नाहीतर महामार्गांचा निधी कापू. कॉलेजच्या आर्थिक मदतीचा जो फॉर्म तुम्ही भरला असेल, फाफ्सा, तो तर मुलाला २४ व्या वर्षापर्यंत आईबापाच्या खिशाला बांधून ठेवतो. लग्न, मूल, लष्करी नोकरी असे काही अपवाद सोडले तर बाप म्हणाला ‘मी दमडी देणार नाही’ तरी मुलगा स्वतंत्र धरला जात नाही. आणि २०१० च्या कायद्यामुळे मूल २६ वर्षांचं होईपर्यंत तुमच्या विम्यावर राहू शकतं. म्हणजे मुलगी आजारी पडली तर बिल तुमच्या पॉलिसीवर, आजार कुठला ते तिचं खासगी. हे सगळे आकडे मी पालकांना फळ्यावर मांडून दाखवते. हसतात बिचारे.

एका आकड्यावर मात्र कुणी हसत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या घरांतली मुलं, जी लहानपणी एच-फोर व्हिसावर (इथे एच-वनबी व्हिसावर नोकरीला आलेल्यांच्या नवऱ्याबायकोला-मुलांना मिळतो तो) आली, ती २१ पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाहीत. स्टुडंट व्हिसा मिळवा नाहीतर जा. चौथ्या वर्षी आलेली एक मुलगी माझ्याकडे कॉलेजचा फॉर्म घेऊन बसली होती. इथेच वाढलेली, बोलायला पक्की जर्सीची. पेन्सिल एका चौकोनावर धरून तिने विचारलं, ‘मी इंटरनॅशनल आहे का?’ स्वातंत्र्याच्या देशात मला त्या दिवशी उत्तर द्यायला वेळ लागला. तिच्या आईच्या व्हिसाचं तर नावच ‘डिपेंडंट’. २०१५ पर्यंत एच-फोरवरच्या बायकांना नोकरीच करता येत नव्हती, त्यानंतर काहींना परवानगी मिळाली. नागपूर, पुण्यात टीम लीडर असलेल्या बाया इथे येऊन लायब्ररीतल्या मुलांच्या गोष्टीच्या तासाला बसलेल्या मी पाहिल्यात. त्यांना कुणी ‘अमेरिकेत फार स्वातंत्र्य, नाही?’ म्हटलं की त्या जे हसतात, ते हसू बघण्यासारखं असतं.

असो. मूळ मुद्द्याकडे येते.

आपल्याकडे मुलाला वाढवणं म्हणजे त्याला आपल्याशी बांधून ठेवणं. वाईट अर्थाने नाही म्हणत मी. माझी आई मिरजेची. तिने मला न विचारता पानात वाढलं, न विचारता केस विंचरले, न विचारता शाखा निवडली, आणि त्यात माया होती यात मला आजही शंका नाही. इथला आईबाप मुलाला वाढवतो ते आपल्यावाचून त्याचं अडू नये म्हणून. त्याची तयारी फार लवकर सुरू होते. कुठल्याही साध्या हॉटेलात जा. वेट्रेस येते, मोठ्यांची ऑर्डर घेते, आणि मग कमरेत वाकून पाच वर्षांच्या पोराला विचारते, ‘अँड फॉर यू?’ पोरगं दीड मिनिट घोळ घालतं. मॅकरोनी की चिकन नगेट? आई मध्ये बोलत नाही. मागे लोक ताटकळतात, वेट्रेस वाकलेलीच. हे दीड मिनिट म्हणजे शिकवणी आहे. आपण अशा वेळी ‘त्याला पास्ता द्या’ म्हणून मोकळे होतो.

पुढे बालवाडीत घरची एखादी वस्तू आणून वर्गासमोर तिच्याबद्दल बोलायचं. बारा-तेराव्या वर्षी डॉक्टर म्हणतात, आई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा, मला हिच्याशी बोलायचंय. (माझ्या मुलीच्या वेळी मीही बाहेरच्या खुर्चीवर बसून कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला होता. काउन्सेलर असूनही.) चौदाव्या वर्षी नोकरीचे वर्किंग पेपर्स, म्हणजे अल्पवयीन मुलाला काम करायची परवानगी. पूर्वी ते आमच्या शाळेच्या ऑफिसातून मिळायचे, २०२३ पासून न्यू जर्सीत ऑनलाइन झाले. सतराव्या वर्षी गाडी चालवायचं तात्पुरतं लायसन्स. पण तेही कसं? नंबर प्लेटवर लाल स्टिकर, रात्री अकरानंतर चालवायची नाही, सोबत मित्र एकच. लोक म्हणतात अमेरिकन मुलांना मोकळं सोडतात. नाही, मोकळं सोडत नाहीत. दोरी इंचाइंचाने सैल करतात, आणि प्रत्येक इंचाचा फॉर्म असतो. आपल्या घरांत दोरी सतरा वर्षं घट्ट असते आणि ऑगस्टातल्या एका शनिवारी, डॉर्मच्या पार्किंगमध्ये, एकदम सुटते. तुमची मुलगी ताप आल्यावर तुम्हाला फोन का करत नाही, याचं निम्मं उत्तर मला तरी इथे दिसतं. आपण काय करायचं हे तिला कळेना, आणि फोन केला तर आई सगळंच हातात घेईल ही धास्ती.

आता ‘वेड’ या शब्दाबद्दल. अमेरिकन माणूस स्वतःला सांगत आलेली गोष्ट अशी की आमचा पूर्वज एकटा आला, कुऱ्हाड घेऊन जंगल तोडलं, घर बांधलं, कुणापुढे हात पसरला नाही. गोष्ट छान आहे, पण पूर्ण नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट दिली ती सरकारने, आणि ती जमीन आधी दुसऱ्या कुणाची होती. मूळच्या जमातींकडे जमीन सामायिक असायची. १८८७ च्या डॉज कायद्याने त्यांना सांगितलं, आता प्रत्येकाने स्वतःचा तुकडा घ्या, स्वतंत्र शेतकरी व्हा, म्हणजे सुधाराल. उरलेली जमीन ‘जास्तीची’ ठरवून विकली. त्या वर्षी जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख उरले. व्यक्तिस्वातंत्र्य कुणावर लादता येतं का? इथे लादलंय. आणि गुलामगिरीचं तर काय सांगावं, ‘सर्व माणसं समान जन्मतात’ हे १७७६ चं वाक्य लिहिणाऱ्या जेफरसनच्या शेतावर गुलाम राबत होते. तरीही त्याच वाक्याचा आधार घेऊन लोक लढले आणि १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेने संपली. आपल्या जोतीरावांना त्याचं मोल बरोबर कळलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच. मुलांना मी दोन्ही बाजू सांगते. एकच सांगितली की घात होतो.

दुसरी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. १८३१ मध्ये तोकव्हिल नावाचा फ्रेंच माणूस इथले तुरुंग बघायला आला आणि सगळा देशच बघून गेला. त्याला दोन गोष्टी दिसल्या. हे लोक आपापल्या कोशात जातात, आणि हेच लोक ऊठसूट मंडळं काढतात. पूल बांधायचा, मंडळ. दारू सोडायची, मंडळ. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात इथे होत्या. परत आल्यावर लिहिलेल्या प्रवासवृत्तात त्यांनीही बायकांनी चालवलेल्या संस्थांबद्दल मन लावून लिहिलंय. माझ्या गावात आजही आग विझवायला येतात ते बिनपगारी लोक, दिवसा कुणी प्लंबर, कुणी अकाउंटंट. म्हणजे एकमेकांना धरून हेही राहतात, पण नातं निवडून. जन्माने आलेल्या नात्यालाही इथे पुन्हा एकदा निवडावं लागतं, हे आपल्याला जड जातं.

माझ्या शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहायच्या, एकट्या. पहिल्याच हिवाळ्यात रात्री बर्फ पडला. माझा नवरा सकाळी सहाला उठून आमचा ड्राइव्ह-वे साफ करून न सांगता त्यांचाही करून आला. म्हातारी बाई, पुण्याचं काम. बाई दुपारी दारात उभ्या. आभार मानले, पण ओठ आवळलेले. म्हणाल्या, मी अजून करू शकते. आम्हाला कळेना आमचं काय चुकलं. पुढच्या वेळी मी आधी दार वाजवून विचारलं, करू का आम्ही? त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, रस्त्याकडचा अर्धा तू कर, दाराकडचा मी. त्यानंतर नऊ हिवाळे आम्ही अर्धा अर्धा केला. शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या वाट्याला दारापुढची फरशीच उरली होती, पण फावडं त्यांच्या हातात असायचं.

आपल्याकडे न मागता केलं तर माया, विचारून केलं तर उपकार. इथे विचारून केलं तर मान, न विचारता केलं तर ‘तुला आता जमत नाही’ असं तोंडावर सांगणं. तुम्ही हॉस्पिटलला फोन केलात तो जीव तुटला म्हणून. मुलीपर्यंत तो बहुतेक असा पोचला असेल की आईला वाटतं मला जमणार नाही.

आणि त्या शेजारणीचं स्वातंत्र्य तरी एकटीचं होतं का? तिला दर महिन्याला सोशल सिक्युरिटीचे पैसे यायचे, १९३५ च्या कायद्यामुळे. औषधपाणी मेडिकेअरवर, १९६५ च्या. त्याआधीच्या शतकात इथलेही बहुतेक म्हातारे मुलांजवळच राहत. ‘अमेरिकन लोक आईबापांना सांभाळत नाहीत’ हे वाक्य आपल्या बैठकांत फार सहज उच्चारलं जातं. पेन्शन आणि दवाखाना यांची सोय झाल्यावर म्हाताऱ्यांनीच स्वतंत्र राहणं पसंत केलं, हे त्यात कुणी घेत नाही. उलट जिथे सरकारने सोय केली नाही तिथे हे स्वातंत्र्य लंगडतं. बाळंतपणासाठी देशभर लागू असलेली हक्काची पगारी रजा इथे नाही. १९९३ चा कायदा देतो बारा आठवडे, बिनपगारी, तेही सगळ्यांना नाही. म्हणून मग सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर अळीव आणि डिंकाचे लाडू घेऊन आजी उतरते. आपल्या मुलींची अमेरिकेतली करिअरं किती आज्यांच्या बॅगांवर उभी आहेत याची मोजदाद कुणी केलेली नाही.

याची किंमतही अमेरिका मोजते. २०२३ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर देशाला सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी एकाकीपणाविरुद्ध जाहीर इशारा दिला आणि त्याचा धोका दिवसाला १५ सिगारेटींच्या जवळपास नेऊन ठेवला. माझ्या शाळेतली गोरी मुलंही ‘आईला सांगू नका’ म्हणतात तेव्हा कित्येकदा त्यांचा अर्थ असतो, तुम्हीच सांगा ना. आणि आईबापाचं घर सोडणं हा काही लोखंडी नियम नाही. जुलै २०२० मध्ये, करोनात, प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी एकाकडे किंवा दोघांकडे राहत होते. आभाळ कोसळलं नाही.

तर किती मनावर घ्यायचं? माझं मत विचाराल तर सही मनावर घ्या, एकटेपणा घेऊ नका. रविवारचा फोन, दिवाळीचा फराळ कुरियरने, आजारी पडलीस तर रात्री तीनलाही उठव, हे सगळं चालू ठेवा, त्याला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही. फक्त तिच्या प्रोफेसरला मेल लिहू नका. मी अशा मेल पाहिल्यात, आणि त्या मुलांचे चेहरेही. बँक खातं सामायिक असेल तर तिचा प्रत्येक बर्गर मोजू नका. मार्कांबद्दल करार करता येतो. फी आम्ही भरतो, सेमिस्टरच्या शेवटी निकाल तू आम्हाला दाखवायचा, हे आधी बोलून ठरवलं तर बहुतेक मुलांना ते रास्त वाटतं. कॉलेजकडून परस्पर मिळवायला गेलात की बिनसतं.

गेल्या वसंतात माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, मुलाला नुकतं अठरावं लागलेलं. वडिलांनी तिन्ही फॉर्म भरूनच आणले होते, सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. मुलाने सगळे वाचले. सावकाश, ओळ न ओळ. वडिलांचा पाय टेबलाखाली हलत होता. मग त्याने हॉस्पिटलच्या दोन्ही कागदांवर सही केली आणि फर्पाचा कागद परत सरकवला. खोलीत एसीचा आवाज ऐकू येत होता. आई माझ्याकडे बघायला लागली, मी पेन उचलून उगाच टोपण लावलं.

थोड्या वेळाने वडील म्हणाले, ‘बरं. आणि मी तुलाच विचारलं तर?’

‘मग सांगेन ना, बाबा,’ मुलगा म्हणाला, ‘तुम्ही कधी विचारलंच नाही मला.’